मामाजींचा कापूस आणि सात मेंढ्या

त्या वर्षी आमच्याकडे नाताळला सगळ्यात आधी जो पाहुणा आला, तो कापूस होता.

डिसेंबरचा पहिला आठवडा. मी फाटकाला रंग देत होते (रंग देणं हे खरं म्हणजे माझ्या नवऱ्याचं काम, पण विनायक कुठल्याही कामाला ‘पाहू’ म्हणतो आणि नंतर खरोखर नुसता पाहत बसतो), तेवढ्यात दारात एक मेटॅडोर येऊन थांबला. मागे कापूस खच्चून भरलेला आणि त्यावर माझे सासरे, म्हणजे मामाजी, एखाद्या संस्थानिकासारखे बसलेले. केळापूरकडच्या आमच्या गावाहून ते यवतमाळपर्यंत तसेच, वाऱ्यात बसून आले होते.

“सुनबाई, गावच्या घरात जागा उरली नाई,” खाली उतरत ते म्हणाले. “थोडे दिवस इथं ठेवतो.”

“थोडे म्हणजे किती, मामाजी?”

“भाव येईस्तोवर.”

त्या वर्षांत भाव येण्याची वाट पाहणं हा आमच्या जिल्ह्याचा मुख्य व्यवसाय होता. शेती हा जोडधंदा. त्यामुळे ‘भाव येईस्तोवर’ म्हणजे किती दिवस, हे मला नीट कळलं आणि माझ्या हातातला ब्रश फाटकाऐवजी माझ्याच साडीला लागला.

संध्याकाळपर्यंत आमचा हॉल संपला. आधी सोफा गेला, मग शोकेस, मग टीव्ही, आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा पांढऱ्या ढिगावरून डोकावत राहिला. नाताळात आमच्याकडे चार लोक येतात, चर्चच्या मंडळीतले वडीलधारे येतात, पाळकसाहेब येतात. त्यांना बसवायचं कुठं? मी विनायकला विचारलं. तो ढिगाकडे बघून म्हणाला, “पाहू.”

मामाजींनी आपली खाट ढिगाला चिकटून टाकली. चोर यवतमाळात कापूस न्यायला येईल, असं त्यांना का वाटत होतं कोण जाणे. ज्या मालाला बाजारात कोणी विचारत नव्हतं, तो चोरून नेणारा माणूस मला तरी भेटायचा आहे. पण ते तिथंच झोपत, आणि सकाळी उठले की दाराच्या चौकटीला पाठ लावून, डोळे मिटून, वरखाली घासत. म्हशी बाभळीला घासतात तशी. मी करंज्यांचं सारण हलवता हलवता हे रोज बघायची आणि मनात म्हणायची, खेड्यातली माणसं, कितीही केलं तरी खेड्यातलीच.

एकदा तर मी विनायकला म्हटलंही, “बाबांना चांगला साबण आणून द्या.”

त्यानं आणून दिला. मामाजींनी त्यानं धोतर धुतलं.

आता नाटिकेबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळीत नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी प्रभूच्या जन्माच्या नाटिका होतात. तीन मोहल्ले, तीन नाटिका आणि पहिल्या नंबरला एक ढाल. मी शाळेत मराठी शिकवते, नाटकं बसवते, त्यामुळे ती ढाल आमच्या मोहल्ल्याला मिळणं हा निसर्गनियम होता. पण आदल्या वर्षी दुसऱ्या मोहल्ल्याच्या मार्थाबाईंनी रंगमंचावर खरी बकरी आणली. बकरी! मेंढी म्हणून! तिनं गव्हाणीतलं गवत खाल्लं, मग बाळ येशूचं दुपटं खाल्लं आणि लोक हसून हसून लोळले. परीक्षकांनी ढाल मार्थाबाईंना दिली. कला या विषयाची आमच्या गावात काय किंमत आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

त्यामुळे यंदा माझ्या मेंढ्या अशा हव्या होत्या, की बघणाऱ्याला लोकर ओढून बघावीशी वाटावी.

तेवढ्यात पुण्याहून माझी नणंद आली. रीटाताई. तिला माहेर सोडून दहा वर्षं झाली होती, आणि त्या दहा वर्षांत तिनं आपली वऱ्हाडी बोली पुण्याच्या स्टेशनवरच कुठंतरी सोडून दिली होती. आता ती ‘अय्या’ म्हणायची. येताना तिनं एका खोक्यात घडी घातलेलं प्लॅस्टिकचं नाताळचं झाड आणलं होतं.

“अय्या वहिनी, पण हे ठेवायचं कुठे?” हॉलच्या दारात उभं राहून तिनं विचारलं.

जागा एकच होती. विनायकनं स्टूल घेतलं आणि ते झाड कापसाच्या ढिगाच्या शिखरावर रोवलं. आम्ही तिघंही मागे सरून बघत राहिलो. हिरवं झाड, खाली पांढराशुभ्र उतार.

“अगदी काश्मीर,” रीटाताई म्हणाली.

आणि माझ्या डोक्यात मेंढ्या आल्या. लोकर घरातच होती, हॉलभर होती, आणि मी वेड्यासारखी दुकानांतून कापसाच्या गुंडाळ्या शोधत फिरत होते.

मी लगेच मामाजींना विचारलं. ते अंगणात बसून चहा पीत होते.

“मामाजी, थोडा कापूस हवा होता. लेकरांना मेंढ्या करायचंय.”

“नाई,” ते म्हणाले.

“अहो, दोन चादरीभर फक्त.”

“कापसाची गोठ नाई सुनबाई. पायजे तं नवा आणून देतो कुठून. हा अंगाले लावू नका. चावते थो.”

“कापूस चावतो?”

“ह्या सालचा चावते. लई दिवस पडून हाये. बारीक किडे पडले त्यात.”

एवढं स्पष्ट बोलणं मी आयुष्यात फार कमी वेळा ऐकलं आहे. पण मी शिकलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव कापसातून निघत नाही, म्हणून किड्यांची गोष्ट सांगतोय. मी गोड हसले, “बरं मामाजी,” म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ते भावाची चौकशी करायला बाजार समितीत गेल्याबरोबर रीटाताईला हाक मारली.

आम्ही दोघींनी ढिगाच्या मागच्या बाजूनं कापूस काढला, म्हणजे त्यांना कळू नये. दोन चादरी म्हणता म्हणता चार भरल्या. मागच्या खोलीत दार लावून तीन दुपारी शिवणकाम चाललं. विनायकची सात जुनी बनियनं घेतली आणि त्यांवर मोठमोठे टाके घालून कापूस बसवला. सरकी काढायला वेळ नव्हता. लांबून ती दिसणार नव्हती. योसेफाला, म्हणजे विनायकला, छातीपर्यंत दाढी केली. रीटाताई गब्रीएल देवदूत होणार होती (तिला दुसरं कुठलं काम आपल्या तोलाचं वाटेना), तिला खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत पंख केले.

शिवताना माझे हात चुरचुरत होते. मला वाटलं, करंज्या तळताना तेल उडालं असेल. रीटाताईची मान लाल झाली. ती म्हणाली, इथलं पाणी आता तिला मानवत नाही.

आणि मार्थाबाईंना सुगावा लागू नये म्हणून मी एकही तालीम कपड्यांसकट घेतली नाही. ऐन वेळीच सगळे चढवायचे. या दूरदृष्टीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मंडप भरला. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे होते, एक निवृत्त तहसीलदार. त्यांच्या शेजारी मार्थाबाई, नुकतीच आपली नाटिका आटपून, घाम पुसत. तिसऱ्या रांगेत मामाजी. धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

आमचा पडदा उघडला. सात मेंढ्या ओणव्या चालत आल्या. मंडपात ‘आहाहा’ झालं. मी पडद्याच्या कडेला माईक घेऊन उभी होते, तिथून मला मार्थाबाईंचं तोंड दिसलं. कच्चा आवळा खाल्ल्यासारखं. तो क्षण मला अजून आठवतो, कारण त्यानंतरचं काहीच आठवण्यासारखं नाही.

पहिल्या मेंढीनं मागच्या पायानं कान खाजवला.

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, “किती खरं वाटते पाहा.” मग दुसरी मेंढी आडवी पडून सतरंजीवर पाठ घासू लागली. मग तिसरी आणि चौथी एकमेकींना घासू लागल्या. मी माईकमध्ये सांगत होते, “बेथलेहेमच्या रानात त्या शांत संध्याकाळी मेंढरं निवांत बसली होती,” आणि समोर सातही मेंढरं गडाबडा लोळत होती.

मरीयेला घेऊन योसेफ आला. वाक्य साधं होतं: मरीये, सरायमध्ये आपल्याला जागा नाही. विनायक “मरीये” म्हणाला आणि थांबला. त्यानं हनुवटी खाजवली. मग गळा. मग दोन्ही हात दाढीत घालून तो असा खाजवत सुटला, की दाढी सुटून त्याच्या हातात आली. त्यानं ती मरीयेच्या हातात दिली आणि वाक्य पूर्ण केलं. मरीया कॉलेजात शिकणारी हुशार पोर. तिनं ती दाढी मुकाट्यानं गव्हाणीत आधीच ठेवलेल्या बाळाच्या अंगावर पांघरली.

आता सगळी भिस्त देवदूतावर. रीटाताई स्टुलावर चढली. हात पसरले. पंख उघडले. तिचा आवाज पुण्याच्या शुद्ध मराठीत घुमला, “मेंढपाळांनो, भिऊ नका. मी तुम्हांला एक मोठ्या आनंदाची...”

ती थांबली. चेहरा आक्रसला. एक हात पंखाखाली गेला.

“वैनी,” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काहून चावून राह्यलं वं हे मले?”

दहा वर्षांनी तिची बोली परत आली होती, आणि ती माईकवरून सगळ्या मंडपानं ऐकली. देवदूत स्टुलावरून उतरला आणि मांडवाच्या खांबाला पाठ लावून वरखाली घासू लागला. मला ती पद्धत ओळखीची वाटली.

मी सांगत होते, काय सांगत होते मलाच माहीत नाही, कारण तोवर माझ्याही पाठीत सुरू झालं होतं. पडद्यामागे मी सातही बनियनं कवटाळून बसले होते ना तासभर, कुणी बघू नये म्हणून. पडदा पाडा म्हणून खूण करायला हात उचलावा, तर तो हात मोकळा नव्हता.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून मामाजी उठले.

ते घाईनं आले नाहीत. काठी टेकत, घोंगडं सावरत ते रंगमंचावर चढले. पहिल्या मेंढीजवळ बसले, तिला मांडीशी ओढलं आणि तिच्या अंगावरचं बनियन डोक्यावरून सर्रकन उपसून बाजूला टाकलं. लेकराची पाठ घोंगड्यानं झटकली. “जाय बेटा, घरी जाऊन अंग धू,” म्हणाले. मग दुसरी. मग तिसरी. एवढ्या शांतपणे, की पोरं रडायची थांबली आणि आपापल्या पाळीची वाट बघत रांगेत बसली.

सातवी मेंढी मोकळी झाली, रंगमंचावर पांढरा ढीग पडला आणि मग एकाएकी टाळ्या सुरू झाल्या. थांबेनात. मला काहीच कळेना. मी विनायककडे पाहिलं; तो खाजवत होता.

निकाल तिथल्या तिथं लागला. तहसीलदारसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, की त्यांनी आजवर नाताळच्या पुष्कळ नाटिका पाहिल्या, पण मेंढपाळ आपल्या मेंढ्यांची लोकर कातरतो, हा प्रसंग कुणी दाखवला नव्हता. मेंढ्यांना लोकरीचा जाच होतो, आणि चांगला मेंढपाळ तो भार उतरवतो, हा केवढा खोल अर्थ. शिवाय देवदूत गरिबांच्या बोलीत बोलतो, हे तर फारच धाडसाचं. पहिला नंबर आमचा.

“लोकर चांगली होती,” मार्थाबाई शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, “मेंढ्या तेवढ्या खरजेच्या होत्या.”

माझ्यात थोडा तरी प्रामाणिकपणा असता, तर मी तिथंच सांगितलं असतं. निदान मामाजींची माफी मागितली असती. ते रंगमंचाच्या पायरीवर बसून बनियनांचं गाठोडं बांधत होते. मी जवळ गेले.

“मामाजी, तुम्ही सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“जाऊ द्या,” ते म्हणाले. गाठीचा पीळ घट्ट करून त्यांनी मंडपाकडे बघितलं. “इतकी वर्षं बाजारात नेतो. लोकं हात लावून पायतात अन् तोंड वाकडं करतात. आज पह्यल्यांदा माह्या कापसाले कोणी टाळ्या वाजवल्या.”

ते थट्टा करत नव्हते. मी खाली बघितलं.

“जा,” ते म्हणाले, “थे तुमाले बलावून राह्यले.”

मी व्यासपीठावर गेले. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या कल्पक दिग्दर्शनाचं पुन्हा कौतुक केलं, फोटोवाल्याला पुढं बोलावलं आणि ढाल माझ्यासमोर धरली. “बाई, दोन्ही हातांनी घ्या, जड आहे.”

मी ती एकाच हातानं घेतली. दुसरा हात माझ्या पाठीमागे होता, आणि कितीही केलं तरी तो मला पुढं आणता आला नाही.