अवसेला न होणारा भूकंप

वैशाखरे गावची चंदाबाई रोज उजाडता उजाडता शेरभर भात उखळात कांडते. गावात गिरणी आहे. पण गिरणीच्या तांदळाला चव नाही, हे तिचं मत न विचारताही ऐकावं लागतं.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी ती जरा आडवी झाली, तर पाठीखालची जमीन थरथरली. फळीवरचे डबे वाजले. ती ओरडत अंगणात आली, पण दुसऱ्या कुणाला काही कळलंच नव्हतं. शेजारची भिमी म्हणाली, "चंदे, गुडघे थरथरतात तुझे. जमिनीला कशाला बदनाम करतेस?" तेव्हापासून ती विहिरीवर दिसली की बायका म्हणायच्या, "धरा गो हंडे, सांडतील." आपला शब्द असा हसण्यावारी गेला, हे तिला फार लागलं.

तिच्या पडवीत कॉलेजातल्या रंजिताने गणपतीतच जमिनीचे हादरे टिपणारं यंत्र पुरलं होतं. मार्गशीर्षात ती लॅपटॉप घेऊन आली.

"मावशी, ठिगळ लावताना नक्षीला नक्षी जुळेपर्यंत तुकडा सरकवता ना? तसंच. एका हादऱ्याचा तुकडा घेतला आणि यंत्राने काढलेल्या तीन महिन्यांच्या रेघेवर सरकवत नेला. उंचाला उंच, खोलाला खोल बसलं, की तिथे तोच हादरा पुन्हा. तुमच्याकडे तर रोज सकाळी भूकंप होतो! तीनच दिवस सुट्टी."

दारातल्या भिमीचं तोंड उघडंच राहिलं. चंदाबाईला क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. मग तिने त्या तीन तारखा विचारल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं. तिन्हींवर काळा गोल.

"पोरी, अवसेला मी मुसळाला हात लावत नाय. तो भूकंप नाय, ती मीच."

भिमी पोट धरून हसत खाली बसली. रंजिता ओशाळली. "मी सगळ्यांत ठसठशीत तुकडा उचलला. तुम्हाला जाणवलं ते कधी?"

"पाडव्याला. जेवणं झाल्यावर."

त्या दुपारच्या रेघेत एक बारीकशी थरथर होती. रंजिताने ती काही कोसांवरच्या टोकावडे गावात पुरलेल्या दुसऱ्या यंत्राच्या रेघेवर सरकवली. तीन महिन्यांत ती एकाच जागी जुळली: तीच दुपार, फक्त दोन सेकंद उशिरा.

"तुमचं मुसळ काही टोकावड्यापर्यंत पोचत नाही, मावशी. हा खरा."

भिमीचं हसू थांबलं. ती स्क्रीनवर वाकली. कळलं काहीच नाही, तरी बराच वेळ बघत राहिली.

"मंग मला कसा नाय कळला?"

"तू बोलत असशील," चंदाबाई म्हणाली. "जा, घरून दूध आण गो. पोरीला चा टाकते."