मारोती मनवरचे उन्हाळी दरवाजे

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट शाळेतल्या पोरांना माहीत आहे, पण सरकारी जहाजबांधणी महामंडळाला ती अजून कोणी कळवलेली दिसत नाही. नाहीतर त्यांनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कारखाना कशाला टाकला असता? कोण्या एका मंत्र्याने कोण्या एका सभेत बोलता बोलता शब्द दिला, टाळ्या पडल्या, आणि मग शब्द मागे घेता येईना. महामंडळ तसे दांडगे. युद्धनौका बांधते, तेलविहिरींचे सांगाडे बांधते, लष्कराला पोलादी पूल देते, बंदरांना क्रेन देते, कुठेसे हॉटेलही चालवते आणि हल्ली 'व्यवसायाचा विस्तार' म्हणून गावोगावी पाण्याचे एटीएम बसवते. जहाज तेवढे वेळेवर होत नाही, बाकी सगळे जोरात आहे.

लोहाऱ्याच्या वाट्याला आले दरवाजे. जहाजाच्या एका खोलीत पाणी शिरले तर ते दुसरीत जाऊ नये म्हणून बसवतात ते लोखंडी वॉटरटाइट दरवाजे. म्हणजे बघा, पाणी अडवायचे काम दिले ते अशा गावाला, जिथे उन्हाळ्यात नळाला बारा-बारा दिवस पाणीच नसते. वा रे नियोजन!

या दरवाज्यांचा माणूस म्हणजे मारोती मनवर. वय चौपन्न, अंगाने किडकिडीत, डोळ्यांना वेल्डिंगची कायमची लाली. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एकच धोशा होता, शिका. बापाने त्याला आयटीआयला घातले आणि पोरगा पहिल्या वर्गात पास झाला. दहा-बारा वर्षे त्याने इकडेतिकडे वेल्डिंग केले, मग हा कारखाना आला आणि त्यानंतर बावीस वर्षे तो गुलाबसिंग ठेकेदाराच्या हजेरीवर होता. दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस म्हणून आत घ्यायचे, अशी तिथली रीत. या हिशेबाने मारोती चोवीस वेळा नवा झाला होता. दरवाजा पास की नापास, या कागदावर पहिली सही मात्र त्याचीच लागे. जे कायम होते त्यांना दरवाज्यातले कळत नव्हते आणि ज्याला कळत होते तो कायम नव्हता.

दरवाजा तपासायच्या दोन तऱ्हा. पहिली खडूची. चौकटीच्या धारेला खडू घासायचा, दरवाजा लावून खिट्ट्या आवळायच्या आणि पुन्हा उघडायचा. दरवाज्यातल्या रबरावर पांढरी रेघ न तुटता उमटली की पास. दुसरी पाण्याची. पाइपाने जोराचा फवारा सगळ्या कडेने मारत फिरायचे आणि पलीकडे थेंब येतो का ते पाहायचे. हिवाळ्यात दोन्ही व्हायच्या आणि मारोतीचा दरवाजा पाण्याला कधी गळलाच नाही. उन्हाळ्यात आधी आधी रबर जोडायचे काम बंदच असे. मग एका वर्षी मागणी वाढली, काम उन्हाळ्यातही सुरू झाले, पाण्याचा टँकर मात्र आला नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले, "खडू पास झाला ना? मग पाणी कायले पाह्यजे?" मारोतीने जरा मान खाजवली आणि 'पाण्याची चाचणी झाली' या ओळीखाली सही ठोकली. माल त्याचा होता, खात्री त्याची होती. असे नऊ उन्हाळे गेले.

यंदा मार्चमध्येच पारा बेचाळीसवर गेला आणि त्याच आठवड्यात महामंडळाचे अध्यक्षसाहेब येणार असे ठरले. कारखान्याचे व्यवस्थापक श्रीकृष्ण देशकर. यवतमाळातलेच, तीन पिढ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेले घराणे. माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाबाहेर काही असते यावर त्याचा विश्वास नव्हता. त्यांनी मारोतीला बोलावून सांगितले, "मनवर, तुमचं कायमचं पत्र आलंय. अध्यक्षसाहेब स्वतःच्या हातानं देणार आहेत. सोळा दरवाज्यांचे कागद तेवढे सही करून टाका."

कायम! मारोतीची बायको जया हिला या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. दवाखान्याचे कार्ड, म्हातारपणी पेन्शन, आणि त्या एका दिवसाच्या घरी बसण्याचा अपमान कायमचा संपला. तिने पांढरा शर्ट कडक इस्त्री केला आणि आरशासमोर नवऱ्याची कॉलर ओढत म्हणाली, "आता तं कोणाले 'ठेकेदाराचा माणूस' नका म्हणू देऊ." मारोती लाजला. खरेच, नवरदेवासारखा लाजला.

अध्यक्षसाहेब आले. त्यांच्यासाठी रातोरात हिरवळ अंथरली होती, गुंडाळ्या आणून, सतरंजीसारखी. ती सुकू नये म्हणून दोन टँकर उभे! दरवाज्यांसाठी नऊ वर्षांत एक टँकर मिळाला नाही, गवतासाठी दोन आले. भाषण झाले. पूल, क्रेन, हॉटेल, पाण्याचे एटीएम, सगळे झाले. "यवतमाळच्या मातीत समुद्राचा वास आहे," असेही साहेब म्हणाले. लोकांनी एकमेकांकडे पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. मग साहेबांना फोटोसाठी काहीतरी चालू काम हवे होते. देशकरांनी खडूची चाचणी ठेवली. मारोतीने खडू घासला, दरवाजा आवळला, उघडला. रेघ अशी अखंड की पुन्हा टाळ्या.

इथे गडी थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण अंगात कडक शर्ट, बाजूला भरलेले टँकर आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा एवढी माणसे आपले काम पाहताहेत. मारोतीला राहवले नाही. "साहेब, खडू तं पाह्यला. आता पाणी मारून दाखवतो, एक थेंब येत नाही पाहा!" देशकर डोळ्यांनी नको नको म्हणत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "जरूर!" मारोतीने गवताचा पाइप ओढला, टँकरचा पंप सुरू केला आणि फवारा मारला.

खालच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार सुटली आणि थेट अध्यक्षांच्या बुटावर पडली.

मारोती वाकून दरवाज्यावरचा जोडणाऱ्याचा शिक्का पाहायला लागला. शिक्का त्याचाच. "माह्याच हाय," तो म्हणाला. त्याचे तोंड असे उतरले की पाहवेना. पण अध्यक्ष काय साधे असतात? एवढे मोठे महामंडळ उगाच सांभाळतात का? क्षणात हसले, मारोतीच्या खांद्यावर हात टाकला, "ही आमची पारदर्शकता!" म्हणाले, आणि पत्र त्याच्या हातात देऊन फोटो काढला. बूट पुसायला तिघे धावले. दरवाज्याकडे कोणी गेले नाही.

संध्याकाळी जयाने पत्र तीन वेळा वाचले आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवले. मारोती नुसता बसून. "काहून असे बसले?" तिने विचारले. "दरवाजा गळला," तो म्हणाला. "मग करा ना दुरुस्त. त्यात काय एवढं!"

दुसऱ्या दिवशी त्याने त्या दरवाज्याचे रबर उपसून काढले. रबराची पट्टी कोपऱ्यावर सोल्युशन लावून जोडतात. सोल्युशन लावायचे, चिकट होईतो थांबायचे, मग दाबायचे. थांबायचा वेळ डब्यावर छापलेला असतो, आणि मारोती बावीस वर्षे इमानाने तेवढाच वेळ थांबत आला होता. डबा छापणाऱ्याने यवतमाळचा उन्हाळा कुठे पाहिला होता? बेचाळीस डिग्रीत तेवढ्या वेळात सोल्युशन पार वाळून जाते. वरून जोड पक्का दिसतो, खडूची रेघही नीट उमटते, पण पाण्याचा जोर आला की उघडतो. हिवाळ्यातले दरवाजे पक्के होते आणि त्यांनाच पाणी मारून पाहिले होते. गळणारे सगळे उन्हाळ्यातले, आणि त्यांनाच पाणी दाखवले नव्हते. नऊ उन्हाळे. यंदाचे सोळा अजून कारखान्यातच होते, पण आधीचे त्याने आठवून आठवून मोजले, एकशे अठरा दरवाजे. आज ते जहाजांत बसले होते आणि त्यांच्या पलीकडे माणसे झोपत होती.

तो तडक देशकरांकडे गेला. "साहेब, जहाजवाल्यायले कळवा. ते दरवाजे उघडून पाहा म्हणा."

देशकरांनी नोंदवही काढली. "हे बघा मनवर. पाण्याची चाचणी झाली, झाली, झाली. सगळीकडे तुमचीच सही आहे. कागदोपत्री एकही दरवाजा गळत नाही. आता तुम्ही उलटं लिहून दिलंत, तर तुम्हीच खोटी सही केली असं होतं. कायम कामगाराला त्यासाठी घरी पाठवतात."

"अन् परवा लिहून देल्लं असतं तं?"

"परवा तुम्ही आमचे कोणीच नव्हता," देशकर म्हणाले. त्यांना वाटले, आपण समजूत घालतो आहोत.

मारोती घरी आला. जयाला सगळे सांगितले. ती भडकली, का नाही भडकणार? "बावीस वर्सं वाट पाह्यली मी या कागदाची! साहेबानं सह्या करायले लावल्या, अन् मरायचं तुमी? कोणाले मालूम पडणार हाय?" मारोती म्हणाला, "मले मालूम पडलं ना." जया आत गेली, भांडी आपटली, रडली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि त्याच्यापुढे कोरा कागद टाकला. "ल्याहा. पण साहेबाचंबी नाव ल्याहा, एकट्याचं नका लिहू."

त्याने लिहिले. एक प्रत आवक टेबलावर रत्नप्रभाबाईंकडे दिली. त्यांनी वाचली, चश्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "मनवर, मारू शिक्का? अजून माघारी नेता येईल." तो म्हणाला, "मारा बाई." दुसरी प्रत त्याने रजिस्टर पोस्टाने थेट गोदीला पाठवली. पत्ता विचारायची गरज नव्हती, बावीस वर्षे दरवाज्यांच्या पेट्यांवर तोच रंगवत आला होता.

कायम कामगार म्हणून मारोती मनवरची नोकरी सहा दिवस टिकली. चौकशी समिती बसली आणि तिने महामंडळाच्या नेहमीच्या वेगापेक्षा फारच लवकर काम उरकले. जहाजालाही एवढी घाई कधी झाली नव्हती. देशकरांची बदली झाली, बढतीवर. मारोती लोहाऱ्याच्या फाट्यावर शटर आणि ग्रिल जोडून देऊ लागला. दुकानाला पाटी नव्हती.

श्रावणात त्याला फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता, गोदीतला कोणी फोरमन. आभार नाही, नमस्कार नाही, गडी एकदम कामावरच आला. तुमच्या दरवाज्यांचे रबर पुन्हा बसवतोय, रबराच्या जोडाला सोल्युशन किती वेळ सुकू द्यायचे? मारोतीने ग्रिल खाली ठेवली. गरमी किती आहे ते विचारले, बोटाने कसे पाहायचे ते सांगितले, दाबताना कोपऱ्यापासून सुरुवात करा म्हणाला. चांगला अर्धा तास समजावत होता. शेवटी त्याने भीत भीत काहीतरी विचारले, उत्तर ऐकले आणि फोन ठेवला.

डबा घेऊन आलेली जया समोर उभी होती. "कोणाचा होता?"

"जहाजावरचा. उघडून पाह्यले म्हणे त्यायनं."

"मग?"

"एकशे अठरातले सत्तर गळले, जया," तो म्हणाला, आणि भर रस्त्यावर, गिऱ्हाइकांच्या समोर, हुंदके देऊन रडायला लागला.