नंबर लागला का?

मी पीएचडीला नेमकं काय करतो, हे आमच्या गावात, सानगडीत, कुणालाच कधी कळलं नाही. “कॉम्प्युटरवर रक्त पाह्यते माया पोरगा,” असं आई शेजारपाजारी सांगायची आणि मी चिडायचो. आता वाटतं, माझ्यापेक्षा तिनंच ते सोपं करून सांगितलं होतं.

आमच्या घरात सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. मोठ्या भावाला, दादाला, आजार; मी नुसता वाहक. थंडी पडली की त्याची हाडं ठणकायची, मग भंडाऱ्याला नेऊन रक्त चढवायचं. मी कॉलेजात असताना एका संशोधनासाठी आमच्याकडे रक्ताचे नमुने घेतले, तेव्हा आम्ही दोघांनीही दिले. दादा रांगेत सगळ्यांच्या पुढे. या आजारानं आयुष्य खाल्लं, निदान कुणाच्या तरी कामी येऊ दे, एवढीच त्याची हाव होती. नळ्यांवर नावं नव्हती, नंबर होते, आणि आपला नंबर त्याला पाठ होता. पुढे योगायोगानं त्याच नमुन्यांवर माझी पीएचडी सुरू झाली. मग काय, दर फोनवर एकच प्रश्न, “माया नंबर लागला का बे?”

नव्हता लागला. आमच्या कामात आधी सख्खे नातेवाईक शोधतात आणि जोडीतला एक काढून टाकतात, नाहीतर सगळा हिशेब चुकतो. ज्याचा नमुना स्वच्छ तो राहतो. दादाच्या नमुन्यात दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त मिसळलेलं दिसत होतं. दिसणारच. नमुना देण्याच्या थोडेच दिवस आधी त्याला रक्त चढवलं होतं, आणि नमुना घेताना ते कुणी विचारलंच नव्हतं. माझा नमुना राहिला. ही निवड करणाऱ्या प्रोग्रामचा मला भयंकर संताप आला, आणि तो प्रोग्राम मीच लिहिलेला होता.

फोनवर मी त्याला खरं ते सांगून टाकलं. सांगताना मलाच रडू फुटलं. त्यानं एवढंच विचारलं,

“तुया लागला ना?”

“हो.”

“मंग कायले रडून राहिला बे? घरचाच लागला ना.”

त्याच हिवाळ्यात दादा गेला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत एका सरांनी प्रबंधातल्या दादाच्या नंबरावर बोट ठेवलं. “हा नमुना का वगळला?”

“जवळचं नातं होतं, सर.”

“बरोबर,” म्हणत त्यांनी पान उलटलं.