खिडकीतला हात

"भाईर ये! तोंड दाव तुझं! कवाचं इचारायलोय!"

असं ओरडत त्यानं चौकशीच्या खिडकीतून हात घातला आणि माझी गचांडी धरून ओढलं. गंगाखेडच्या एसटी स्टँडवरची ती खिडकी एवढी बुटकी, की धड मांजर जाणार नाही. मी मात्र खांद्यापर्यंत बाहेर आलो. अर्धा मी सरकारच्या ताब्यात, अर्धा प्रवाशाच्या. पहिल्या बुक्कीत नाक फुटलं, दुसरीत दात उडाला. दात तीन फलाट ओलांडून पडला. खोटं वाटत असेल तर हमालांना विचारा.

माझा मेव्हणा परभणीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. जेवताना सांगायचा, "दाजी, चिडलेल्या माणसाला समोरच्यात दुसरंच कुणीतरी दिसत असतं. विचारून बघा." म्हणून मी लटकल्या लटकल्या, रक्त गिळत विचारलं, "बाबा, माझ्यात कोण दिसायलंय तुला?"

तिसरी बुक्की बसली. मग तो म्हणाला, "आमचा पाटील. माझ्या बापाला वसरीवरनं असाच हात हलवायचा, कुत्रं हाकलल्यावानी."

विद्यापीठाच्या नामांतराची दंगल पेटलेली होती. त्याच्या भावाच्या डोक्यात गावातल्याच कुणीतरी कुऱ्हाड घातली होती आणि भाऊ परभणीच्या दवाखान्यात होता. ह्यानं गाडी तीनदा विचारली, मी तिन्हीदा वर न बघता हात हलवला. आमची झटापट चालू असतानाच परभणीची गाडी मागच्या फलाटावरून निघून गेली.

संध्याकाळी मी बाहेरून त्याच खिडकीपुढं उभा राहिलो. मुजरा केल्यागत कमरेत वाकावं लागलं. आत माझ्या खुर्चीत बसवलेल्या शिपायाचं तोंड काही दिसेना, नुसता मनगटापासूनचा हात. कुणाचाही वाटावा असा.

सकाळी करवत आणली आणि खिडकीवरची फळी उभ्या माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीपर्यंत कापून काढली. साहेबांनी माझ्यावर रूळ उगारला. मी करवत उगारली. साहेब जे पळाले ते थेट पाथरीत थांबले म्हणतात.

पाचव्या दिवशी तो आला. न वाकता खिडकीपुढं उभा राहिला. मीही उठून उभा राहिलो, सुजल्या तोंडानं समोरासमोर.

"बोला दादा. भाऊ कसा हाय?"

त्यानं माझ्या दाताच्या खिंडाराकडं बघितलं.

"गेला. पेडगावच्या बहिणीला सांगायचंय. गाडी कवा हाय?"