बंदरावरचे दोन डबे

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तर काय होईल, यावर आमच्या वृत्तपत्रात पुष्कळ छापून आलं होतं. त्यात व्यापार होता, चलन होतं, मासेमारीही होती. पेढा नव्हता.

तो दिसला नेदरलंड्सच्या एका बंदरावर. बोटीतून उतरल्यावर तपासणीच्या रांगेत पुढे लंडनचं एक मराठी जोडपं होतं. भाचीच्या डोहाळजेवणाला निघालेल्या मावशींच्या पिशवीत स्टीलचे दोन सारखे डबे होते. एकात घरचे पेढे, दुसऱ्यात बर्फी. भाचीनं दोन्हींपैकी एकच उघडायचा. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत," कस्टमचा तरुण अधिकारी म्हणाला.

"बाहेरच्या? भाचीच्या लग्नाला आलो तेव्हा आतलेच होतो की आम्ही!" मावशी म्हणाल्या.

"मी म्हणत होतो, चिक्की घे," काका पुटपुटले.

"चिक्कीनं काय कळणार हो? दात किती उरलेत ते?"

माणूस घर सोडतो तेव्हा निदान सामान तरी हलवतो. देश बाहेर पडतो तेव्हा सगळे आपापल्या स्वयंपाकघरातच असतात. फक्त त्यांचे पेढे परदेशी होतात.

अधिकाऱ्यानं दोन्ही डबे जप्तीसाठी पुढे ओढले आणि खात्री करायला एकाचं झाकण काढलं. मावशींनी आत वाकून पाहिलं. मग तिथूनच भाचीला फोन लावला.

"अगं, डबे गेले. पण मुलगी आहे हो! इथल्या सरकारनंच झाकण उघडलं."