लाडू-चिवड्याचं घर

पडदा वर जातो. नारायण पेठेतलं दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन तिरपं आत आलंय आणि त्या उन्हात मखमली कव्हरं मिरवत बसलाय सोफासेट. समोर टीपॉयवर काचेचं भांडं. भांड्यात एकमेकांच्या पाठीवर चढलेली दोन कासवं. आणि त्यांच्याकडे टक लावून बसलेले आपले नायक, हिंमतराव.

हिंमतराव मूळचे वाशीमकडचे. विशीत पुण्याला आले आणि उभा जन्म एका कारखान्यात स्कूटरींना रंग देण्यात घालवला. मग नवी यंत्रं आली. कंपनीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली इच्छा कुणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्याच वर्षी मुलगा शंभू संगणकाच्या कंपनीत लागला. पहिल्या पगारात सोफासेट आला. दिवाळीत कासवं आली, कारण ऑफिसात कुणीतरी सांगितलं, कासवानं घरात बरकत येते. तेव्हा ती रुपयाएवढी होती. हिंमतरावांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, नावं ठेवली लाडू आणि चिवडा.

रुपयाची वाटी झाली, भांडं मात्र तेवढंच राहिलं. चिवड्यानं खाणं सोडलं. जनावरांच्या डॉक्टर आलिमाबाईंनी त्याची पाठ दाबून पाहिली. मऊ लागली.

"पोहायला ऐसपैस पाणी, बसायला कोरडी जागा आणि अंगावर खरं ऊन हवं, काचेतून आलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर हा पावसाळा काही काढायचा नाही."

काचेच्या मोठ्या टाकीचा भाव ऐकून शंभू घरी येताच म्हणाला, "बाबा, खडकवासल्याला सोडून येऊ. सुटतील बिचारी."

"काहून?" हिंमतराव ताडकन उठले. "ती इथली नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, धरणात सोडणं पाप आहे. आणि घरात घेतलेल्याला असं बाहेर काढायचं नसतं."

बुधवारी त्यांनी जुना बाजार गाठला. पाडलेल्या कुठल्याशा बंगल्यातला फायबरचा बाथटब तिथं उन्हात पडला होता. कड थोडी उडालेली. लांबलचक, हलका, आणि पाणी सोडायला तळाशी भोक! कुणालाच नको होता, म्हणून स्वस्तात सुटला.

टेम्पो दारात थांबताच तळमजल्यावरचे यज्ञेश्वरकाका बाहेर आले. "वा, हिंमतराव! पेठेत राजघराणं आलं म्हणायचं. आंघोळ बघायला तिकीट आहे का?"

"तुम्हाला फुकट, काका. एवढं हे टोक धरा."

धरावंच लागलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत.

टब घासून झाला. वीतभर पाणी, एका टोकाला विटांवर तिरकी फरशी, खालून नळी थेट गॅलरीतल्या मोरीत. सगळं जमलं, पण ऊन? ऊन होतं ते सोफ्यावर.

"बाबा, शनिवारी माझे साहेब येणार आहेत!" शंभू कळवळला. "टब संडासाशेजारी ठेवा ना."

दोन दिवस तिथं ठेवून पाहिला. लाडू-चिवड्यानं मान बाहेर काढली नाही. शुक्रवारी शंभू कामावर गेला आणि हिंमतरावांनी सोफासेट शेजारी भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांना देऊन टाकला. खिडकी सताड उघडली. टब उन्हात आला. यमुनाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता पोराला तोंड तुम्हीच द्या." आणि ट्रंकेतली चांगली सतरंजी काढायला गेल्या.

रात्री शंभू आला. जेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

शनिवारी सकाळी साहेब आले. आत शिरताच थबकले. टबातल्या फरशीवर चिवडा चारही पाय ताणून, मान उंच करून ऊन खात पहुडला होता. सकाळी त्यानं पालकाचं पान संपवलं होतं. लाडू टबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पोहत होता. साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले ते बसलेच. चहा निवला.

"कुणाची ही कल्पना?"

शंभूनं बापाकडे पाहिलं. "बाबांची, सर. टब आणण्यापासून सगळं त्यांनीच केलंय."

साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांत हिंमतरावांना टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

"पण एवढ्याशा घरात एवढी जागा काढलीत कुठून?" साहेबांनी विचारलं.

"घर तेवढंच आहे, साहेब. आम्हीच जरा सरकून बसलो."