बुडालेली गाडी

ट्रेलर आधी घेतला आणि तो ओढायला गाडी नंतर शोधायला निघालो, तिथूनच सगळं उलटं सुरू झालं. दुबई सोडून चाललेल्या एका गोऱ्या कुटुंबाकडून माझ्या नवऱ्याने कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला. दोन बिछाने, हातभर ओटा, पाण्याची टाकी. सामान आणि पाणी भरलं की पावणेदोन टन. आमच्या साध्या गाडीच्या मागे तो बांधणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपण्यासारखं होतं. मग पिकअप हवी, असं ठरलं. नवऱ्याचं एसीच्या डक्टचं छोटं कॉन्ट्रॅक्टिंग आहे. "आठवडाभर साइटवर वापरेन, सुट्टीत ट्रेलर ओढू," तो म्हणाला. रोज जेवताना तो मला आणि आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला पिकअपचे व्हिडिओ दाखवायचा. किती टन ओढते, हुकवर किती भार चालतो, चढावर ब्रेक किती तापतात. मुलगी मान वर न करता म्हणायची, "ओके, बाबा."

नवी परवडणार नव्हती. म्हणून तीन शनिवार आम्ही शारजाच्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात घालवले.

त्या बाजाराची मला पहिल्याच दिवशी शिसारी आली. पहिल्या पिकअपमधून बकऱ्या नेत असत. मागच्या पत्र्याच्या खाचांमध्ये लेंड्या वाळून घट्ट बसल्या होत्या आणि विकणारा त्यांच्यावर हात टेकून उभा राहून म्हणत होता, "धो के देंगे, मॅडम." दुसरीचा मागचा बंपर गंजलेला होता, त्यावर काळा रंग मारून ट्रेलरचा हुक कुठल्यातरी गल्लीत वेल्डिंग करून चिकटवला होता. नवऱ्याने नुसती लाथ मारली तर रंगाचा पोपडा गळून पडला. पावणेदोन टन त्या हुकावर, आणि मागच्या सीटवर आमची पोर! तिसरीत मी पुढचा खण उघडला तर आत कान कोरून टाकलेल्या काड्या होत्या, पिवळ्या बोंडांच्या. मी खण लावून टाकला आणि दिवसभर तो हात तोंडाजवळ नेला नाही.

तिसऱ्या शनिवारी पांढरी डबल केबिन दिसली. चकाचक. हुक कंपनीचा, कागदपत्रात नोंदलेला, टायर नवे. विकणारा गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात, बोलायला मधाळ. "फॅमिली की गाडी है भाभीजी, एक ही हाथ चली है." किंमत अठ्ठावन्न हजार दिरहम. "म्हणजे जवळजवळ चौदा लाख," नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, पण त्याचा चेहरा सांगत होता की घ्यायचं ठरलंय. त्या माणसाने दार उघडलं आणि आतून बखूरचा, म्हणजे उदाच्या धुपाचा, दाट वास अंगावर आला. इथे घराघरात हा धूप जाळतात, त्यात वावगं काही नाही. पण त्या गोड वासाच्या खाली आणखी एक वास होता, ओल्या पायपुसण्यासारखा.

मुलगी मागच्या सीटवर चढली, तिने नाक मुरडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मम्मा, डिडन्ट अवर ओल्ड कार स्मेल लाइक धिस?"

नवरा बॉनेटखाली वाकला होता. तो वर उठला नाही.

मी पुढच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढला. नेहमीपुरता नाही. दोन्ही हातांनी, आतलं रीळ संपेपर्यंत ओढला. शेवटची वीतभर पट्टी तपकिरी होती. बोट फिरवलं तर सुकलेली बारीक माती बोटाला लागली. मला कुठे बघायचं ते बरोबर माहीत होतं. कारण तसाच एक पट्टा मी स्वतः धुतला होता.

दीड वर्षापूर्वी शारजात राहत होतो तेव्हाची गोष्ट. तो मोठा पाऊस झाला आणि आमच्या बिल्डिंगभोवती सहा दिवस पाणी साचलं. गटारं उलटी वाहत होती. खाली उभ्या गाडीत सीटपर्यंत पाणी होतं आणि त्या पाण्यावर काय काय तरंगत होतं ते लिहवत नाही. आमचा विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यात पुराची भरपाई नव्हती. पाणी ओसरल्यावर नवऱ्याने गाडी त्याच्या शेडमध्ये नेली, सीटा काढल्या, गालिचे वाळवले, इंजिनचं तेल बदललं. मी जुन्या टूथब्रशने सीटबेल्ट घासले. शेवटचा भाग काही केल्या स्वच्छ होईना. "जाऊ दे," नवरा म्हणाला, "तिथपर्यंत कोण ओढून बघतंय?" मग आठ दिवस आम्ही दारं लावून आत बखूर जाळला.

गाडी घ्यायला आला तो कोकणातल्या म्हसळ्याकडचा एक तरुण मुसलमान मुलगा. बरोबर बायको आणि लहान मुलगी. इथे आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून तो इतका खूश होता की गाडी दहा मिनिटं बघितली आणि गप्पा तासभर मारल्या. मी चहा केला, चिवडा दिला. त्याने नवऱ्याला विचारलं, "पाण्यात नव्हती ना गाडी?"

"छे, माझ्या साइटवर उंचावर होती," नवरा म्हणाला.

मग त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, नुसतंच. "ताई?"

मी विचारलं, "साखर किती घालू?"

हे सगळं त्या पांढऱ्या पिकअपमध्ये बसल्या बसल्या मला आठवलं असं नाही, ते मी कधी विसरलेच नव्हते. फक्त ते दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या हातून झालेलं पहिल्यांदा पाहत होते. विकणाऱ्याला मी पट्टा दाखवला. तो ओशाळला नाही. हसून म्हणाला, "भाभीजी, उस टाइम तो पूरा शारजा पानी में था." नवऱ्याने पट्टा पाहिला आणि असा भडकला की आजूबाजूची माणसं जमली. "शरम नहीं आती? फॅमिलीवाले आदमी को फसाते हो?" मग माझ्याकडे वळून, "खलास, चल!" आम्ही निघालो तेव्हा एक जोडपं त्याच पिकअपकडे येत होतं. मी थांबले. नवऱ्याने माझं कोपर धरलं. "यल्ला, चल, बस गाडीत. आपल्याला काय करायचंय?" मी बसले.

त्याच संध्याकाळी, ज्यांचं बघून आम्ही ट्रेलर घेतला ती दोन कुटुंबं दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या घरी जेवायला होती. नवऱ्याने बाजाराची गोष्ट सांगितली. त्याच्या सांगण्यात पट्टा त्यानेच ओढला होता. "शेवटपर्यंत ओढायचा, तिथे कोणी धूत नाही," तो वाटीत आमटी वाढून घेत म्हणाला. सगळ्यांनी कौतुक केलं. एकजण म्हणाला, "कसली माणसं असतात ना! उद्या गाडी रस्त्यात बंद पडून कोणी मेलं म्हणजे?" "हरामखोर आहेत," नवरा म्हणाला आणि मन लावून जेवला. मी त्याच्या बोटांकडे, आमटीने माखलेल्या ओठांकडे बघत होते. लग्नाला सोळा वर्षं झाली. त्याचा राग आला होता, कंटाळा आला होता, पण किळस त्या दिवशी पहिल्यांदा आली. आणि तीही एकट्या त्याची नाही. मी उठून बेसिनपाशी गेले आणि हात पुन्हा पुन्हा धुतले. मागे मुलगी येऊन उभी राहिली. तिने मला विचारलं, "अवर कार वॉज द सेम, राइट?"

"हो," मी म्हणाले.

ती आपलं ताट उचलून खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डिंगच्या खाली जाऊन मी त्या म्हसळ्याच्या मुलाला फोन लावला. त्याने लगेच ओळखलं. "ताई! कशा आहात? भाई बरे आहेत ना?" मागे कार्टूनचा आवाज येत होता. मी गाडीचं विचारलं. तो अडखळला.

"ताई, कसं सांगू, गाडी राहिली नाही. चार महिन्यांत बंद पडली. गॅरेजवाला म्हणाला, वायरिंग सगळं सडलंय. भंगारात द्यावी लागली." मग घाईघाईने म्हणाला, "चूक माझीच. सर्व्हिस लांबवली मी. तुम्ही इतकी चांगली ठेवलेली गाडी, मला सांभाळता आली नाही. तुम्हाला कळवायची लाज वाटत होती."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्यांची तयारी करून मी फोन लावला होता. ह्याची नव्हती.

"गाडी पाण्यात होती," मी म्हणाले. "सहा दिवस. आम्हाला माहीत होतं. पट्टे मी धुतले होते."

कार्टूनचा आवाज चालू राहिला. मग कोणीतरी तो बंद केला.

"मधल्या लेनमध्ये बंद पडली होती, ताई," तो अगदी हळू म्हणाला. "मागून ट्रक येत होते. पोरगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला उचलून आम्ही पळालो."

मी पैसे परत देण्याचं बोलले. माझ्या कानालाच ते घाणेरडं वाटलं. तो म्हणाला, "फोन ठेवतो, ताई," आणि ठेवला. नंतर मी बऱ्याच वेळा केला. त्याने उचलला नाही. मेसेज पाठवला, तो वाचला गेला, उत्तर आलं नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो चिडला. "कशाला सांगितलंस? त्याला माहीत नव्हतं तोवर तो बरा होता ना? तुझं मन हलकं करायला त्याच्या डोक्यावर ओझं टाकलंस." त्यात थोडं खरं होतं, म्हणून ते जास्त झोंबलं. मी म्हणाले, "काल तू हरामखोर कोणाला म्हणालास?" तो बूट घालून बाहेर पडला. तासाभराने आला आणि आम्ही जेवलो.

महिन्याने आमची पिकअप आली. राखाडी, अबू धाबीच्या एका कंपनीने वापरलेली. या वेळी नवऱ्याने दोन गॅरेजांत तपासून घेतली, सर्व्हिसचे सगळे कागद मागवले, आणि आणायला जाताना मला विचारलं, "तू येतेस का? एकदा बघून घे." मी गेले नाही. गाडी चांगली आहे. ट्रेलर सहज ओढते, चढावरही दमत नाही. त्या जुन्या गाडीबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. एकदा मात्र त्याने त्या मुलाचा नंबर माझ्याकडून मागून घेतला आणि बाल्कनीत गेला. काचेतून मला तो फोन कानाला लावून उभा दिसला. बराच वेळ उभा होता, पण ओठ हलले नाहीत. माफी मागायची होती की प्रकरण मिटवायचं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

थंडी पडल्यावर पहिल्यांदा कॅम्पिंगला गेलो. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी वाळूत कोळसे, कोंबडीची हाडं, मुलांचे वापरलेले डायपर टाकले होते. मुलीने ओढणी नाकाला बांधली आणि मोठ्या पिशवीत ते सगळं गोळा करायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. मी हातमोजे घालून तिच्याबरोबर वाकले. तेवढ्यात नवऱ्याने हाक मारली. ट्रेलर दोन झाडांच्या मध्ये मागे घ्यायचा होता आणि त्याला आरशात काही दिसत नव्हतं. मी हातमोजे काढून मागे जाऊन उभी राहिले. "डावीकडे," मी ओरडले. "आणखी. आता सरळ. थांब." तो थांबला. त्या दिवशी आमच्यात तेवढंच बोलणं झालं.